पाठ दुखणाऱ्या घोड्यासाठी खोगीर कसे निवडावे

मराठवाड्यात हौसेने घोडा पाळणारे आजही कमी नाहीत. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते, तेथे घोड्यांचे मोठे सौदे होतात, आणि पहिल्यांदाच घोडा घेणारे अनेक जण घोडा आणि खोगीर एकाच माणसाकडून, एकाच सौद्यात घेऊन परततात. सौदा ठरवताना घोड्याची चाल, रंग, दात, भोवरे सगळे पाहिले जाते. खोगीर उतरवून पाठ तळहाताने चाचपणारा मात्र क्वचित आढळतो. पुढे दोन-चार महिन्यांत खोगीर दिसताच घोडा कान मागे टाकू लागतो, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला येतो, वर बसताच पाठ खाली दाबतो, आणि मग मालक नवे खोगीर शोधायला निघतो. हा लेख अशा नवख्या मालकासाठी आहे. त्याने एक गोष्ट पहिल्यापासून मनात धरावी: खोगीर घोड्याच्या जातीवरून, उंचीवरून किंवा किमतीवरून निवडायचे नसते, ते त्याच्या आजच्या पाठीवरून निवडायचे असते; आणि चांगले खोगीर दुखणे वाढू देत नाही, पण दुखणे बरे करण्याचे काम त्याचे नाही.

पहिली पायरी: पाठ का दुखते ते आधी शोधा

पाठ दुखण्याचे मूळ पाठीतच असते असे नाही. मागच्या पायात सौम्य लंगडेपणा असेल तर घोडा तो पाय वाचवत चालतो आणि त्याचा ताण कमरेवर व पाठीवर येतो. अशा घोड्यावर चांगले खोगीरसुद्धा सतत एकाच बाजूला सरकते, आणि मालक खोगिराला दोष देत राहतो. नाल चुकीचे बसले असतील, खूर फार वाढले असतील, दातांच्या कडा टोकदार होऊन लगामाचा त्रास होत असेल, पोटात अल्सर असेल, तरीही घोडा पाठ आखडतो किंवा तंगाला विरोध करतो. काही घोड्यांत पाठीच्या मणक्यांचे वर आलेले काटे एकमेकांना घासू लागतात. हा विकार बहुधा तेराव्या ते अठराव्या मणक्यांच्या भागात, म्हणजे नेमका स्वाराच्या बैठकीखाली आढळतो आणि त्याची खात्री एक्स-रे काढल्याशिवाय होत नाही. सरा या आजाराने घोडा झपाट्याने वाळतो, पाठीवरचे मांस उतरते, आणि कालपर्यंत नीट बसणारे खोगीर हाडाला लागू लागते.

म्हणून खोगिराच्या दुकानात जाण्याआधी पशुवैद्यकाकडे जावे. तालुक्याच्या दवाखान्यात घोड्याची पाठ तपासण्याचा सराव असलेले डॉक्टर मिळतीलच असे नाही. तसे असल्यास परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, तेथे जाण्याचा खर्च नव्या खोगिराच्या किमतीपुढे किरकोळ ठरतो. जाताना सध्याचे खोगीर आणि त्याखालचा नमदा सोबत न्यावा.

डॉक्टर तपासतीलच, पण मालकाच्या हातालाही पाठ ओळखता आली पाहिजे. घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखा उभा करावा, मोतद्दाराने किंवा घरातील कोणी त्याला सैल दोरीने धरावे. बोटे एकत्र ठेवून, नखे न लावता, अयाळ संपते तेथील उंचवट्यापासून कमरेपर्यंत, कण्यापासून साधारण चार बोटे अंतरावर, एकसारखा दाब देत हात सावकाश मागे न्यावा. निरोगी पाठ या दाबाला किंचित दबते व पुन्हा वर येते. दुखऱ्या जागी स्नायू हाताखाली एकाएकी घट्ट होतो किंवा फडफडतो, पाठ झटकन खाली जाते, शेपटी आपटली जाते, डोळ्यांभोवती ताण दिसतो. काही घोडे उलट अगदी लाकडासारखे स्थिर राहतात; त्या स्तब्धतेलाही दुखण्याचेच लक्षण मानावे, सोशिकपणा मानू नये. दोन्ही बाजू तपासून दुखऱ्या जागांवर खडूने खूण करावी, फोटो काढावा आणि तारीख लिहून ठेवावी. याच वेळी केसांकडेही बारकाईने पाहावे. गडद रंगाच्या घोड्याच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर तेथे पूर्वी खोगिराच्या दाबाने केसांची मुळे दुखावलेली आहेत असे समजावे. उंचवट्यामागे दोन्ही बाजूंना खळगे पडले असतील, तर तेथील स्नायू झिजले आहेत.

पाठीवर उघडी जखम, सूज किंवा सोललेली कातडी असेल तर खोगिराचा विचार तेथेच थांबवावा. पावसाळ्यात माश्या बसून अशा जखमेत चार दिवसांत अळ्या पडतात. जखम भरून, नवी कातडी घट्ट होऊन, केस येईपर्यंत पाठीवर काहीही ठेवू नये. वेदनाशामक इंजेक्शन देऊन वरातीचे काम उरकून घेण्याची पद्धत तर सर्वांत घातक आहे, कारण वेदना दबते आणि इजा वाढत राहते. जखमी किंवा आजारामुळे असमर्थ झालेल्या जनावराकडून काम करून घेणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हाही आहे.

दुसरी पायरी: वजनाचा हिशेब मांडा

घोड्यावर येणारे एकूण वजन, म्हणजे स्वार, खोगीर, नमदा, रिकिबी आणि बरोबरचे सामान मिळून, घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. पाठ दुखून उठलेल्या घोड्यासाठी मी खालचाच आकडा धरतो, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत त्याहूनही कमी.

घोड्याचे वजन काट्याशिवाय काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागून आणि उंचवट्याच्या मागून छातीचा घेर घ्यावा. मग छातीच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. शिंप्याची फीत दीडशे सेंटीमीटरलाच संपते, म्हणून सुतळीने माप घेऊन ती जमिनीवर ताणून मोजावी. दोन्ही मापे सेंटीमीटरमध्ये घेऊन घेराचा वर्ग करावा, त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. उदाहरणार्थ, घेर १५५ आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे २८३ किलो भरते. आपल्याकडील पुष्कळशी देशी तट्टे याच मापाच्या आसपास असतात. त्याच्या १५ टक्के म्हणजे ४२ किलो आणि २० टक्के म्हणजे ५६ किलो. यातच खोगीरही आले. साधे इंग्लिश पद्धतीचे खोगीर सहा ते नऊ किलोचे असते, तर आरसे, घुंगरू, पितळी फुले जडवलेला वरातीचा साज त्याच्या कितीतरी पट जड भरू शकतो. खोगीर एकदा गावातल्या अडत दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहावे; आकडा पाहून पुष्कळांची मते बदलतात. ओझे वाहणाऱ्या प्राण्यांसाठी १९६५ च्या नियमांत तट्टूवर लादण्याची मर्यादा ७० किलो सांगितली आहे, आणि ती काम करण्यास योग्य असलेल्या जनावरासाठी आहे, हे लक्षात ठेवावे.

या हिशेबात आपले स्वतःचे वजन बसत नसेल तर कोणतेही खोगीर ती अडचण सोडवणार नाही. त्या घोड्यावर घरातील हलक्या, तोल सांभाळून बसणाऱ्या व्यक्तीने बसावे किंवा घोड्याला सवारीतून मोकळे करावे. वरातीबद्दलही येथेच स्पष्ट सांगतो: ज्याची पाठ एकदा दुखावली आहे, त्या घोड्याला वरातीत उभे करू नये. नवरदेव बहुधा घोड्यावर कधी बसलेला नसतो, तो पोत्यासारखा सगळा भार मागे टाकून तासन् तास बसतो, आणि मागच्या दोन पायांवर नाचणाऱ्या घोड्याच्या कमरेवर त्या वेळी येणारा ताण कोणत्याही खोगिराला वाटून देता येत नाही.

तिसरी पायरी: पाठीचा साचा काढा

ही पायरी वेळखाऊ आहे, पण पुढचे सारे काम हिच्यावर अवलंबून आहे. ड्रॉइंगच्या साहित्याच्या दुकानात फ्लेक्सिबल कर्व्ह या नावाने वाकवली तशी राहणारी रबरी पट्टी मिळते. ६० सेंटीमीटरची घ्यावी. ती न मिळाल्यास वीजजोडणीची जाड ॲल्युमिनियमची तार चालते. याखेरीज जाड पुठ्ठा, पेन्सिल, कात्री आणि खडू एवढेच सामान लागते.

आधी दोन हाडे शोधायची. पहिले खांद्याचे पाते. घोड्याचा पुढचा पाय कोणाला तरी उचलून पुढे ओढायला सांगावे, म्हणजे पात्याचा वरचा कोपरा मागे सरकताना हाताला लागतो. तो जेथपर्यंत मागे येतो तेथे खडूने रेघ मारावी. चालताना प्रत्येक पावलागणिक हे हाड इतके मागे येते, आणि खोगिराच्या पुढच्या कमानीची टोके त्याच्या आड आली तर घोडा पाऊल आखडतो. दुसरे हाड शेवटची बरगडी. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. कुशीत, जेथे बरगड्या संपून मऊ पोकळी सुरू होते, तेथे शेवटची बरगडी बोटाने पकडावी आणि तिच्या मागोमाग वर जावे. ती वर चढताना पुढे झुकत कण्याला मिळते. कण्याजवळ ती जेथे पोहोचते तेथे दुसरी रेघ मारावी. खोगिराची भार टाकणारी गादी या दोन रेघांच्या आतच बसली पाहिजे. मागच्या रेघेपलीकडे कंबर सुरू होते, तिला खालून बरगड्यांचा आधार नसतो. मारवाडी, काठेवाडी आणि आपली गावठी तट्टे यांची पाठ पुष्कळदा आखूड असते, आणि मोठ्या माणसाच्या मापाचे लांब खोगीर त्यांच्या कमरेवर चढते. येथे स्वाराच्या सोयीपेक्षा घोड्याची पाठ मोठी मानावी.

आता पट्टी पाठीवर आडवी ठेवून तीन ठिकाणी आकार घ्यायचा: पात्याच्या रेघेमागे दोन बोटांवर, पाठीच्या सर्वांत खोल जागी, आणि शेवटच्या बरगडीच्या थोडे अलीकडे. पट्टी कातडीला हलके चिकटली पाहिजे, रुतता कामा नये. प्रत्येक वेळी ती जपून उचलून पुठ्ठ्यावर ठेवावी, आतल्या बाजूने रेघ काढावी, कण्याची मध्यरेषा, डावी आणि उजवी बाजू लिहावी. चौथा आकार कण्याला समांतर, चार बोटे बाजूला, पुढून मागे असा उभा घ्यावा. पाठ खोलगट आहे की सपाट की फुगीर, हे त्यावरून कळते. आकार घेताना घोड्याने मान खाली घातली किंवा पाय मोडून उभा राहिला तर माप बदलते, म्हणून प्रत्येक आकार दोनदा घ्यावा. शेवटी पुठ्ठे कापून त्यांच्यावर घोड्याचे नाव आणि तारीख टाकावी.

पुठ्ठा मध्यरेषेवर दुमडून पाहिल्यास डावा आणि उजवा खांदा किती वेगळा आहे हे उघड दिसते. थोडा फरक बहुतेक घोड्यांत असतोच. फरक मोठा असेल तर खोगीर नेहमी मोठ्या बाजूच्या मापाने घ्यावे आणि लहान बाजूची पोकळी नमद्याच्या पातळ पट्टीने भरावी. याच्या उलट केले तर मोठा खांदा खोगिराला ढकलत राहतो.

चौथी पायरी: बाजारात काय मिळते आणि त्यातले काय घ्यावे

खोगिराचे काम समजायला डोक्यावर घागर घेऊन जाणारी बाई आठवावी. चुंबळ घागरीचा भार कडेने वाटून घेते आणि मधला भाग मोकळा ठेवते. खोगिराच्या दोन गाद्यांनीही कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर भार पसरून टाकायचा असतो आणि मधली पन्हळ कण्यावरून पूर्ण मोकळी ठेवायची असते. पाठ दुखणाऱ्या घोड्यासाठी कोणतेही खोगीर पाहताना त्याची खालची बाजू आधी पाहावी, वरची शोभा नंतर.

आपल्या भागात साधारण चार प्रकार दृष्टीस पडतात. वरातीच्या सजावटी खोगिराचा विषय वर संपला आहे. दुसरा प्रकार लाकडी सांगाड्याच्या, ‘काठी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोगिराचा, जो राजस्थान व सौराष्ट्राकडून घोड्यांबरोबर येतो. त्यातला एखादा त्या विशिष्ट पाठीसाठी बनवलेला असतो आणि उत्तम बसतो, पण दुसऱ्या पाठीवर तीच कठीण फळी जखम करते आणि तिच्यात फेरबदलाला वाव फार थोडा असतो. तिसरा प्रकार बिनसांगाड्याचा. नवख्या मालकाला तो सर्वांत मऊ व म्हणून सर्वांत सुरक्षित वाटतो. वस्तुस्थिती अशी की सांगाडा नसला की भार पसरत नाही. स्वाराच्या बैठकीचा व रिकिबीच्या पट्ट्यांचा दाब थोड्या जागेत एकवटतो, आणि खाली पन्हळ असलेला खास जाड नमदा नसेल तर तो थेट कण्यावर उतरतो. हलक्या, कसलेल्या स्वाराने थोडा वेळ वापरायला तो ठीक आहे. खोगिराशिवाय उघड्या पाठीवर बसण्यालाही हाच आक्षेप लागू होतो.

चौथा प्रकार इंग्लिश पद्धतीच्या खोगिराचा, आणि दुखऱ्या पाठीसाठी मी बहुतेकांना हाच सुचवतो, कारण त्याच्या गाद्या उघडून भरण कमी-जास्त करता येते. देशात अशी खोगिरे मोठ्या प्रमाणावर कानपूरला बनतात. तेथील खोगिरांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. मागवताना गादी लोकरीच्या भरणाची मागावी. फोमची गादी साच्यात तयार झालेली असते, ती पाठीनुसार बदलता येत नाही, कालांतराने एका बाजूने बसते, आणि मराठवाड्याच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात रेक्झिनच्या आवरणाखाली पाठ उकडून काढते. स्थानिक कारागिराकडून गादी भरून घेत असाल तर एक खबरदारी घ्यावी. आपल्याकडे कापूस हाताशी असतो, म्हणून तोच कोंबला जातो. पण घामाने भिजलेला कापूस गोळे धरतो आणि एकेक गोळा पाठीत खड्ड्यासारखी खूण उमटवतो. लोकरच आणून द्यावी आणि भरून झाल्यावर गादीवरून डोळे मिटून तळहात फिरवावा. कोठेही गाठ, खळगा किंवा शिवणीची धार हाताला लागता कामा नये.

पाठीचा उभा आकार खोलगट असेल तर सरळ सांगाड्याचे खोगीर फक्त पुढे आणि मागे टेकते व मध्ये पोकळी राहते, म्हणजे चार जागी सगळा भार येतो. उलट सपाट किंवा फुगीर पाठीवर वक्र सांगाडा मध्येच टेकून पुढे-मागे झुलतो. उंच, धारदार उंचवट्याच्या घोड्याला पुढची कमान उंच किंवा मागे कापलेली लागते. रुंद, सपाट खांद्याच्या तट्टूला कमान रुंद लागते, नाहीतर खोगीर गोल फिरते आणि मालक तंग आवळतच जातो.

जुने खोगीर घेण्यात गैर काही नाही, मात्र सांगाडा तुटलेला नसावा. खोगिराची पुढची कमान पोटाशी टेकवून मागची कमान दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढावी. चांगला सांगाडा किंचित लवचीकपणा दाखवून परत येतो. बैठकीच्या मध्यात चामड्याला आडवी घडी पडली किंवा कर्रकर्र आवाज आला तर ते खोगीर फुकट मिळाले तरी घेऊ नये. मग पुढच्या कमानीची दोन टोके धरून फाकवून पाहावी. येथे हालचाल अजिबात होता कामा नये. खोगीर पालथे घालून मागून पाहावे, पन्हळ सरळ आहे की एका बाजूला वाकली आहे, दोन्ही गाद्या सारख्या फुगल्या आहेत की नाही. दुसऱ्या घोड्याचा नमदा मात्र सोबत घेऊ नये, त्यातून गजकर्ण सहज येते.

पाचवी पायरी: आधी नुसते, मग स्वारासह

दुकानातच पुठ्ठ्याचे साचे खोगिराच्या खाली त्या-त्या जागी धरून पाहावेत. जे खोगीर येथेच जुळत नाही ते घोड्यापर्यंत नेण्याचे कारण नाही. जे जुळते ते, परत करण्याच्या अटीवर, घरी आणावे. ही अट बोलताना संकोच करू नये आणि ती पावतीवर लिहून घ्यावी.

घरी पहिली चाचणी नमद्याशिवाय करावी. पाठ स्वच्छ घासून, खोगीर उंचवट्यावर थोडे पुढे ठेवून हलकेच मागे सरकवावे. ते जेथे आपोआप अडते ती त्याची जागा; असे पुढून मागे सरकवल्याने केसही मोडत नाहीत. बाजूने पाहिल्यास बैठकीचा सर्वांत खोल भाग मध्यावर आणि जमिनीला समांतर असावा. पुढे कलत असेल तर कमान रुंद आहे, मागे कलत असेल तर बहुधा अरुंद. पुढच्या कमानीची उतरण घोड्याच्या खांद्यामागच्या उतरणीशी समांतर असली पाहिजे. कमान आणि उंचवटा यांच्यामध्ये दोन ते तीन बोटे जागा हवी, आणि वर स्वार बसल्यावरही ती उरली पाहिजे. मागून वाकून पन्हळीत पाहावे; पुढून मागेपर्यंत उजेड दिसावा आणि तिची रुंदी सर्वत्र तीन-चार बोटे भरावी. मग तंग न लावता एक हात खोगिरावर ठेवून दुसरा हात गादीखालून पुढून मागे सरकवत न्यावा. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. मध्येच हात मोकळा सुटला तर तेथे पोकळी आहे, अडकला तर तेथे टोचणी आहे.

हे सारे जमले तरच पातळ सुती कापड घालून स्वाराने बसावे. बसताना जमिनीवरून रिकिबीत पाय देऊन लोंबकळू नये, कारण त्याने खोगीर डावीकडे ओढले जाते आणि उंचवट्याला पीळ बसतो; घरचा ओटा किंवा गावचा पार यासाठी उत्तम. खाली उभ्या असलेल्या माणसाने पुढच्या कमानीखालची जागा पुन्हा बोटांनी मोजावी. त्यानंतर वीस ते तीस मिनिटांची रपेट करावी: आधी चाल, मग दुडकी, दोन्ही बाजूंना मोठी वर्तुळे, थोडा चढ आणि थोडा उतार. उतारावर खोगीर खांद्यावर चढते का, दुडकीत मागचा भाग उसळून आपटतो का, हे बाजूने पाहणाऱ्याला अधिक नीट दिसते. घोड्याने मान लांबवली, फुरफुर करून श्वास सोडला, पाऊल लांब टाकले, तर खोगीर त्याला मानवले आहे.

परतल्यावर घाई करू नये, कारण खरा पुरावा आता दिसतो. खोगीर सरळ वर उचलावे, ओढू नये, आणि खालच्या कापडाकडे व पाठीकडे पाहावे. घाम व मळ दोन्ही बाजूंना सारख्या आकारात उमटला असेल तर भार नीट वाटला गेला. भोवती ओल आणि मध्येच हाताच्या पंजाएवढी कोरडी जागा दिसली तर दोन शक्यता असतात: एकतर तेथे इतका दाब आला की घाम सुटलाच नाही, किंवा तेथे गादी टेकलीच नाही. दोन्हींतला फरक केसांवरून कळतो. दाबाच्या जागी केस चापून बसलेले किंवा मुरडलेले असतात, पोकळीच्या जागी ते नुसतेच कोरडे व सरळ राहतात. अर्ध्या तासाने पुन्हा हात फिरवून सूज किंवा उष्णता येते का पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पायरीत सांगितलेली बोटांची तपासणी पुन्हा करावी. दुखऱ्या जागांचा जुना फोटो शेजारी ठेवला म्हणजे तुलना सोपी होते. दोन-तीन रपेटींनंतर निकाल सारखाच चांगला आला, तर पैसे द्यावेत.

नमदा आणि तंग

अरुंद खोगिराखाली जाड नमदा घातल्याने खोगीर आणखी अरुंद होते. हा उपाय नसून दुखण्यात भर आहे. जाड नमद्याला योग्य जागा एकच: स्नायू झिजलेल्या पाठीसाठी मुद्दाम किंचित रुंद खोगीर घ्यावे, पोकळी योग्य जाडीच्या थरांनी भरावी, आणि स्नायू भरत जातील तसे थर काढत जावे. नमदा लोकरीचा असावा, कण्यावर तो वर ओढून पन्हळीत बसवावा, ताणलेला राहू देऊ नये, आणि घामाचे मीठ साठू नये म्हणून वरचेवर धुवावा. जेलच्या गाद्या उन्हाळ्यात फार तापतात.

तंग घोड्याच्या पुढच्या पायाच्या कोपरापासून चार बोटे मागे यावा, रुंद असावा आणि दोन्ही टोकांना सारखाच लवचीक असावा. तो एका झटक्यात न आवळता थोडा आवळून, घोड्याला चार पावले चालवून, मग पुन्हा आवळावा. तंगाखाली बोटे सपाट जाऊ शकली पाहिजेत. चढ-उताराच्या वाटेवर छातीचा पट्टा किंवा दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) लावावी, पण न जुळणारे खोगीर जागेवर धरून ठेवण्यासाठी त्यांचा वापर करू नये.

पुढचे महिने

नवे खोगीर मिळाले म्हणून लगेच जुना रोजचा क्रम सुरू करू नये. पहिले काही आठवडे स्वाराशिवाय लांब दोरीवर मोठ्या वर्तुळात चालवणे, मग आठवड्यातून दोन-तीन दिवस थोडा वेळ सवारी, मधल्या दिवशी विश्रांती, असा क्रम डॉक्टरांच्या सल्ल्याने ठेवावा. उन्हाळ्यात पहाटेच बाहेर पडावे. वर उल्लेखलेल्या नियमांतही तापमान ३७ अंशांपुढे जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांना काम देऊ नये असे म्हटले आहे.

पाठ बदलत राहते. पावसाळ्यात हिरवा चारा मिळून घोडा अंगाने भरतो, उन्हाळ्यात कडब्यावर तो उतरतो, आणि काम वाढले की स्नायू भरतात. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी नवे साचे काढून जुन्यांवर ठेवून पाहावेत आणि फरक दिसल्यास गादीचे भरण बदलून घ्यावे. नवे लोकरीचे भरण सुरुवातीला दबते, त्यामुळे पहिली दुरुस्ती थोडी लवकरच लागते. पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते, तेव्हा खोगीर भिंतीला न टेकवता लाकडी घोडीवर (स्टँडवर) हवेशीर ठेवावे, साबणाने पुसून सावलीतच सुकवावे आणि मग तेल द्यावे. उन्हात वाळवलेले चामडे भेगाळते आणि त्या भेगांच्या धारा पाठीला लागतात.

खोगीर सर्व चाचण्यांत उतरले, वजन हिशेबात आहे, नमदा स्वच्छ आहे, आणि तरीही दीड-दोन महिन्यांनी घोडा वर बसताना पाठ खाली घालतो किंवा दौडीला नकार देतो, असे असेल तर तिसरे खोगीर शोधू नये. सारे साचे, फोटो आणि तारखांची वही घेऊन घोड्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे, आणि मागचे पाय व मणके यांची तपासणी एक्स-रेसह करून मागावी.